छडी, गोष्ट आणि कुरण : शिस्तीविषयीच्या चार पुस्तकांचे वाचन

शब्दांच्या इतिहासात समाजाचा स्वभाव उमटलेला असतो. ‘शिक्षा’ हा संस्कृत शब्द हिंदीत गेला तो शिकण्या-शिकविण्याचा अर्थ घेऊन. मराठीत मात्र ‘शिक्षण’ वर्गात जाऊन बसले आणि ‘शिक्षा’ दंडाचा अर्थ घेऊन दाराशी उभी राहिली. ‘शिस्त’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे, लक्ष्यावर नजर स्थिर करणे. ख्रिस्ती शाळांनी ज्या शब्दाचा आदराने उच्चार केला, त्या ‘डिसिप्लिन’चे मूळ लॅटिन भाषेतील ‘शिकणे’ या क्रियापदात आहे आणि ‘डिसायपल’, म्हणजे शिष्य, हा त्याचाच आप्त आहे. दुसऱ्याला गप्प बसविणे हा अर्थ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी नाही. तो आपण मागाहून चिकटविला आणि आज तोच एकमेव अर्थ असल्यासारखे वागतो.

हा विचार करण्यास निमित्त आहे आपल्याच जिल्ह्याचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई परिसरातील एका शाळेत उशिरा आलेल्या मुलीला उठाबशांची शिक्षा करण्यात आली आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला, ही बातमी आपण सर्वांनी वाचली. त्या मृत्यूचे कारण ठरविणे हे तपासयंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. तो निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु त्यानंतर घराघरांतून जी चर्चा झाली तिची दखल घेणे भाग आहे. ‘आमच्या वेळी याहून कठोर शिक्षा होत, म्हणून तर आम्ही घडलो’ असे म्हणणारे पालक थोडे नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास स्पष्ट मनाई करते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरीही मुलाला शाळेत घालताना ‘हवे तर मारा, पण सुधारा’ असे शिक्षकाला सांगणारे वडील पालघर-बोईसरच्या पट्ट्यात आजही भेटतात. कायद्याने मनाई केलेली गोष्ट समाजाच्या मनात मान्यता टिकवून असते, तेव्हा ती मान्यता कोठून येते हे शोधावे लागते. ती काही प्रमाणात आपल्या पुस्तकांतून येते, निदान ती पुस्तके आपण ज्या रीतीने वाचतो त्या रीतीतून येते, असे मला वाटते. म्हणून मराठी वाचकांच्या घरी किंवा शाळेच्या कपाटात हमखास सापडणाऱ्या चार पुस्तकांचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिले पुस्तक अर्थातच ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि छडी व विद्या यांची सांगड घालणारी जुनी म्हण त्यातील गाण्याने घरोघर पोहोचली. मारण्याच्या समर्थनासाठी या पुस्तकातील ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणाचा दाखला वारंवार दिला जातो. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठविते. श्याम पोहायला शिकतो. मारले म्हणून शिकला, असा सरळ हिशेब वाचक मांडतो.

परंतु हे प्रकरण तेथे संपत नाही. त्याच दिवशी ती आई मुलाच्या अंगावरचे वळ स्वतः पाहते, व्यथित होते, त्याला जवळ घेऊन आपण का मारले ते समजावते. मारणारा हात आणि कुरवाळणारा हात तेथे एकाच व्यक्तीचा आहे. तिच्यापुढे त्या क्षणी एकच मूल आहे आणि त्या मुलाशी तिचे नाते जन्माचे आहे. वर्गातील शिक्षकापाशी या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते. तो मारतो, घंटा वाजते, आणि पुढच्या तासाला तो दुसऱ्या वर्गावर जातो. वळ पाहण्यासाठी तो मागे राहत नाही. आईच्या प्रसंगातून शिक्षकाच्या छडीचे समर्थन काढणे म्हणून वाङ्मयीन दृष्ट्याही चूक ठरते. शिवाय हा प्रसंग सांगणारे साने गुरुजी स्वतः अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी मुलांच्या खोल्या स्वतः आवरल्या आणि मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. त्यांच्या शिक्षकपणाची ओळख या गोष्टींनी राहिली. लेखकाने जो मार्ग स्वतः वर्गात अनुसरला नाही, तो त्याच्या पुस्तकाच्या नावे पुढे करणे न्याय्य नाही.

तरीही पुस्तकाची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. ‘श्यामची आई’मध्ये मुलाचा प्रत्येक दोष शेवटी अश्रूंत विरघळतो. श्याम चुकतो, आई दुखावते, श्याम रडतो आणि शुद्ध होतो. हा क्रम इतका नेमाने येतो की मुलाचे वागणे म्हणजे केवळ मनाच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न आहे, असे वाचकाला वाटू लागते. भूक, झोप, कंटाळा, न समजणारी भाषा, यांनाही मुलाच्या वागण्यात जागा असते. गरिबी या पुस्तकात फार आहे, पण ती संस्काराची पार्श्वभूमी म्हणून आहे. वर्गात मूल का चुळबुळते याचे कारण म्हणून ती फारशी येत नाही.

दुसरे पुस्तक गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’. मूळ गुजराती, १९३२ सालचे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत १९२० पासून बालमंदिर चालविणाऱ्या या शिक्षणज्ञाने लक्ष्मीराम नावाचा कल्पित शिक्षक उभा केला. तो शिक्षणाधिकाऱ्याकडून इयत्ता चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला मागून घेतो. पुस्तकाचे खरे मोल त्याच्या पहिल्याच दिवसात आहे, कारण तो दिवस पूर्णपणे फसतो. लक्ष्मीराम मुलांकडून शांततेचा खेळ करवून घेऊ पाहतो आणि मुले गोंधळ घालतात, चेष्टा करतात. हा खेळ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतला. त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. तेथे शिक्षिका हलक्या आवाजात एकेका मुलाचे नाव उच्चारी आणि ते मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाई. पण ती शांतता मुलांनी अनेक दिवस हातांनी काम केल्यानंतर, स्वतःवर ताबा मिळविल्यानंतर आलेली असे. लक्ष्मीरामने पीक आधी मागितले आणि पेरणी नंतर करावयाचे योजिले. हे त्याच्या ध्यानात येते आणि दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. गोष्टीसाठी मुले स्वतःच शांत होतात. आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात ज्याला वर्गनियंत्रण म्हणतात त्याचा इतका साधा आणि इतका खरा पाठ मराठी वाचकाला क्वचित मिळेल.

मात्र ‘दिवास्वप्न’ हे शीर्षक लेखकाने प्रामाणिकपणे दिलेले आहे, हे विसरता कामा नये. लक्ष्मीरामच्या पाठीशी अधिकाऱ्याची परवानगी आहे. त्याच्यापुढे एकच वर्ग आहे. इतर शिक्षक कुजबुजतात, हसतात, पण त्याला कामावरून काढण्याची सत्ता त्यांच्याकडे नाही. खऱ्या शाळेतील शिक्षकाला जनगणना असते, निवडणुकीचे काम असते, भरून द्यायचे तक्ते असतात. पुस्तक एका चांगल्या माणसाची कथा सांगते. चांगला माणूस पुढच्या वर्षी बदलीवर गेला तर त्या वर्गाचे काय होते, हा प्रश्न ते विचारीत नाही.

तिसरे पुस्तक ‘तोत्तोचान’. जपानमधील तेत्सुको कुरोयानागी यांचे हे आत्मकथन १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठी घरांतले झाले. मेजाचे झाकण सतत उघडणारी, तासाला खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारणारी ही मुलगी पहिलीतच शाळेतून काढून टाकली जाते. नव्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या डब्यांत भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिचे बोलणे तासन् तास ऐकून घेतात. पुढे एकदा तिचा आवडता बटवा शौचकूपात पडतो आणि ती टाकीतील घाण उपसून ढीग लावते. मुख्याध्यापक रागावत नाहीत. झाल्यावर सगळे परत आत टाकशील ना, एवढेच विचारून ते पुढे जातात.

या प्रसंगाचे कौतुक करताना आपण बहुधा त्यांच्या सौजन्याचे कौतुक करतो. त्यातील मागणी मात्र नजरेतून निसटते. त्यांनी मुलीला मोकळे सोडले नाही; केलेल्या कृतीचे उत्तरदायित्व तिच्यावर ठेवले. अपमान न करता जबाबदारी द्यावयाची, हे शिक्षेपेक्षा अवघड आहे आणि लाडापासूनही तितकेच दूर आहे. ‘मारायचे नाही म्हणजे मुलांना डोक्यावर बसवायचे’ असे म्हणणाऱ्यांनी हे एक पान पुन्हा वाचावे. पालकांनी या पुस्तकातील आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुलीला शाळेतून काढले होते हे तिच्या आईने ती वीस वर्षांची होईपर्यंत तिला कळू दिले नाही. मुलाचे अपयश शेजारपाजारी, नातलगांत आणि प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात मोठ्याने सांगण्याची आपली रीत आठवली की त्या आईची थोरवी कळते.

पण येथेही हिशेब पुरता मांडला पाहिजे. त्या सबंध शाळेत मुले होती पन्नासच्या आसपास. आपल्या कायद्याने प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे आणि उच्च प्राथमिक वर्गात ३५ मुलांमागे एक शिक्षक असा दंडक घातला आहे. ज्या खासगी शाळेत एका वर्गातच पट त्याहून पुष्कळ पुढे जातो, तेथील शिक्षिकेने प्रत्येक मुलाचे बोलणे चार तास ऐकावे, असे म्हणणे म्हणजे तिची थट्टा होय. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली आणि पुन्हा तशी उभी राहिली नाही. एका असामान्य माणसावर उभी असलेली संस्था किती नाजूक असते, याचीही ही साक्ष आहे.

आता चौथे पुस्तक. हे आपल्या दाराशी लिहिले गेले. डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी आपल्या जिल्ह्यातच आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडला, वारली पाड्यांच्या मध्यात गेले. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली निवर्तल्या. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन या सगळ्या कामाची कहाणी सांगते.

वाङ्मयगुणांच्या मापाने हे पुस्तक ‘श्यामची आई’च्या शेजारी ठेवता येणार नाही. त्याची भाषा कामकरी बाईची आहे. सांगावयाचे ते सांगून पुढे जाणारी. परंतु शिस्तीच्या प्रश्नावर ते पहिल्या तिन्ही पुस्तकांपेक्षा खोल जाते, आणि त्याचे कारण असे की येथे प्रश्नाची मांडणीच निराळी आहे. बोर्डीला वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आज देशभर पसरलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या निर्णयाची आठवण आहे. कोसबाडला थोरली मुले शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरे राखायची असत. रूढ शाळेच्या नोंदवहीत असा मुलगा ‘उनाड’ ठरतो. येथे शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेला आणि कुरणशाळा सुरू झाली. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहते, असे दिसले तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभारली. भावंड पाळण्यात, बहीण वर्गात.

यात कोणाच्या मनाची शुद्धी झाली नाही, कोणी अश्रू ढाळले नाहीत, कोणा एका शिक्षकाच्या मोहिनीवर सारे अवलंबून राहिले नाही. व्यवस्था बदलली आणि ज्याला आपण गैरवर्तन म्हणत होतो ते नाहीसे झाले, कारण ते गैरवर्तन नव्हतेच. ते घरचे कर्तव्य होते. शाळेने त्याला चुकीचे नाव दिले होते. मला या चार पुस्तकांत हा विचार सर्वांत मोलाचा वाटतो.

या पुस्तकालाही मर्यादा आहेत. कोसबाडचा मुख्य अनुभव लहान मुलांचा. चौदा-पंधरा वर्षांचा, आवाज फुटलेला, शिक्षकाला उलट उत्तर देणारा मुलगा या चित्रात ठळकपणे येत नाही. आणि माध्यमिक शाळेतील शिक्षकाची खरी परीक्षा तर तेथेच असते. दुसरी मर्यादा पुस्तकाची नसून आपली आहे. अनुताईंना पद्मश्री मिळाली, पाठ्यपुस्तकांतून त्यांचे धडे आले, जयंतीला भाषणे झाली. आपण त्यांच्या त्यागाला हार घातला आणि त्यांची पद्धत टेकडीवरच ठेवून आलो.

कारण बोईसर-तारापूरचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र चालू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि या किनाऱ्यावर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. एकाच बाकावर मांगेल्यांचा मुलगा, वारली मुलगी, भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराचा मुलगा आणि गुजराती दुकानदाराची मुलगी बसते. कोणाचे वडील रात्रपाळीहून सकाळी येतात आणि एका खोलीच्या घरात ते झोपावेत म्हणून मुलाला बाहेर काढले जाते. कोणाचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि मूल शिमग्यापर्यंत दिसत नाही. वर्गात जे मूल शून्य नजरेने बसते किंवा शेजाऱ्याला चिमटे काढते, त्याला अनेकदा शिक्षकाची भाषाच कळलेली नसते. त्याला ओणवे उभे करून भाषा कळणार नाही. कोसबाडने विचारलेला प्रश्न येथे विचारावा लागेल: हे मूल असे का वागते, आणि त्यात शाळेच्या वेळापत्रकाचा वाटा किती?

येथे आपल्या शाळांविषयीही बोलले पाहिजे. ‘कॉन्व्हेंटची शिस्त’ हा महाराष्ट्रात एक लौकिक आहे आणि त्या लौकिकासाठी सर्व धर्मांचे पालक रांगा लावतात. धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी वक्तशीरपणा, स्वच्छता, नेटकेपणा यांची जी सवय लावली तिचे ऋण मोठे आहे. पण या लौकिकात पुष्कळदा शांततेलाच शिस्त समजले गेले. आपल्यातील काहीजण नीतिसूत्रांच्या १३ व्या अध्यायातील छडीचे वचन पुढे करतात. त्यांनी त्याच पवित्र पुस्तकातील २३ वे स्तोत्र आठवावे. तेथेही काठी आहे, पण ती मेंढपाळाची आहे आणि तिने कळपाला धीर येतो.

आपल्या परंपरेचे शिस्तीवरचे सर्वांत स्पष्ट लेखन तर संत डॉन बॉस्को यांचे आहे. तुरीनच्या रस्त्यांवरची आणि तुरुंगांतून सुटलेली मुले त्यांनी सांभाळली. ती काही सोशिक मुले नव्हती. १८७७ साली त्यांनी आपली प्रतिबंधक पद्धती एका छोट्या निबंधात मांडली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. मारणे पूर्णतः वर्ज्य. कानउघाडणी करावयाचीच तर अपवाद वगळता एकांतात, चारचौघांत नव्हे. आणि शिक्षकाने मुलांच्या खेळात, गप्पांत वावरत राहावे, म्हणजे अपराध घडण्याचा प्रसंगच कमी येतो. कोसबाडच्या बाई आणि तुरीनचा धर्मगुरू यांच्यात काळाचे, देशाचे आणि श्रद्धेचे अंतर आहे. तरी दोघांनी एकच गोष्ट केली. मूल जेथे होते तेथे ते आधी गेले.

शेवटी शिक्षकांची बाजू मांडली नाही तर हे विवेचन एकांगी होईल. कायद्याने त्यांच्या हातातील छडी काढून घेतली हे योग्यच झाले. परंतु रिकाम्या हातात काय द्यावयाचे याचा विचार फारसा कोणी केला नाही. मोठ्या वर्गात आवाज न चढविता कसे उभे राहावे, कामाची विभागणी कशी करावी, भांडण तेथल्या तेथे न चिघळविता नंतर एकांतात कसे सोडवावे, नवख्या भाषेच्या मुलाला जोडीदार कसा द्यावा, या शिकण्याच्या गोष्टी आहेत. त्या शिकविल्या गेल्या नाहीत तर शिक्षक भीतीकडे वळतो किंवा हताश होऊन वर्ग सोडून देतो. दोन्हीत नुकसान मुलाचेच. आणि अशा वेळी शिक्षकाला ‘मारा’ असे सांगणारा पालक त्याला मदत करीत नाही; तो आपल्या घरातील न सुटलेला प्रश्न शाळेच्या हवाली करतो.

चार पुस्तके वाचून झाल्यावर पाचव्याची उणीव जाणवते. आईचे पुस्तक आहे, स्वप्नाचे आहे, आगगाडीच्या डब्यांतील शाळेचे आहे, टेकडीचे आहे. बोईसरच्या एखाद्या सर्वसाधारण शाळेत, भरगच्च पटाच्या सातवीच्या वर्गावर, वीस वर्षे न मारता शिकविणाऱ्या साध्या शिक्षिकेचे पुस्तक मराठीत अद्याप माझ्या वाचनात आलेले नाही. अशा शिक्षिका आहेत. आपल्या धर्मग्रामांतही आहेत. त्यांनी आपल्या फसलेल्या दिवसांसह लिहावे आणि आपल्या नियतकालिकांनी ते छापावे. तोपर्यंत पालकांनी एवढे करावे. संध्याकाळी मूल घरी आल्यावर ‘आज मार खाल्लास का’ किंवा ‘किती गुण मिळाले’ हे विचारण्याआधी ‘आज बाईंनी काय सांगितले’ हे विचारावे, आणि ते जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.